आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचं राहायला जाताय? सामानाचं शेवटी बघा

तुमचा बेत असा: वसंतात घर विक्रीला लावायचं, १२,००० पौंड वजनाची फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या पाठीवर टेकवून ओढायचा मोठा राहता ट्रेलर) घ्यायची, ती सध्याच्याच हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, पिकअपने ओढायची. आणि प्रश्न असा की तीन बेडरूम आणि गॅरेजभर सामान तोवर निकालात कसं काढायचं. आम्ही दोघं बरीच वर्षं चाकांवरच राहतोय, म्हणून स्पष्ट सांगतो, सामान हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. देता येतं, विकता येतं, उरलेलं न्यायला कुणी ना कुणी येतंच. घर मात्र काही कामं मुकाट्याने करत असतं. पत्ता पुरवतं, पाणी आणतं, मैला वाहून नेतं, मागाल तेवढी वीज देतं. ही सगळी कामं आता तुमच्या अंगावर येणार आहेत. तयारी त्यांची करा.

पत्त्यापासून सुरुवात करू, कारण अमेरिकेत पत्त्यावाचून पान हलत नाही. लायसन्स, गाडीची नोंदणी, इन्शुरन्स, बँक, मतदान, सगळीकडे तो लागतो, आणि पोस्टाच्या पेटीवर भागत नाही. २००१ च्या पॅट्रियट ॲक्ट या दहशतवादविरोधी कायद्यानंतर बँकाही राहण्याचा प्रत्यक्ष पत्ता मागतात. म्हणून फुल-टायमर, म्हणजे आरव्हीतच कायम राहणारी मंडळी, बहुतेक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडाचं डोमिसाइल (कायदेशीर रहिवास) घेतात. तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे चांगल्या रुळलेल्या आहेत. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबची अशी सेवा आहे. साउथ डकोटात हॉटेलच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या एका रात्रीच्या पावतीवर लायसन्सचं काम होतं, म्हणून नवी मंडळी डोळे झाकून तिकडेच पळतात.

तसं करू नका. वयाची ६५ पूर्ण झाली नसतील तर आधी आरोग्य विमा बघा, मग राज्य ठरवा. मार्केटप्लेसवरच्या (सरकारी विमा-बाजारातल्या) योजना राज्यागणिक वेगळ्या असतात आणि त्यांचं नेटवर्क, म्हणजे चालणारे डॉक्टर आणि हॉस्पिटलं, बहुतेकदा त्या राज्यापुरतंच, कधीकधी तर ठराविक काउंट्यांपुरतंच (जिल्ह्यांपुरतंच) असतं. बाहेर असताना इमर्जन्सी तेवढी निभावते, नेहमीच्या तपासण्या आणि औषधोपचार नाहीत. ६५ नंतरचा सरकारी विमा, म्हणजे ओरिजिनल मेडिकेअर, देशभर चालतं, खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजला मात्र पुन्हा नेटवर्कचं कुंपण आहेच. एकदा राज्य ठरलं की सगळं तिकडे हलवा. लायसन्स एकीकडे, मतदान दुसरीकडे आणि गाड्यांची नोंदणी तिसरीकडे ठेवलीत, तर जुन्या राज्याला आयकर मागायला आयतंच निमित्त मिळतं.

घर विकायची घाई कशाला? विक्रीआधीच्या ५ वर्षांत मिळून २ वर्षं तुम्ही तिथे मालक म्हणून राहिला असाल, तर नफ्यातले २,५०,००० डॉलरपर्यंत करमुक्त असतात. नवराबायकोने एकत्र रिटर्न भरलं तर ५,००,०००. म्हणजे आज बाहेर पडून घर भाड्याने दिलंत तरी साधारण ३ वर्षं ही सवलत शाबूत राहते. भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावर कर बसतो, तेवढा हिशोब टॅक्सवाल्याकडून करून घ्या. माझं मत विचाराल तर एक अख्खा हिवाळा गाडीत काढल्याशिवाय घराला हात लावू नका. मे महिन्यात सगळ्यांनाच हे आयुष्य आवडतं.

आता वजन, आणि इथे तुमचा बेत मला पटत नाही. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी १५ ते २५ टक्के भार जोडणीच्या पिनमधून थेट ट्रकच्या पाठीवर येतो. १२,००० चे २० टक्के धरले तरी २,४०० पौंड झाले. त्यात हिच (ट्रकवरचा जोडणीचा सांगाडा), तुम्ही दोघं, मागच्या सीटवरची अवजारं. हाफ-टन पिकअपचा पेलोड, म्हणजे ट्रकला स्वतःच्या अंगावर पेलवणारं वजन, बहुधा २,००० पौंडांच्या आतबाहेरच असतो. 'ओढायची ताकद आहे ना' असं विक्रेता सांगेल, आणि ते खोटंही नसेल, पण आधी संपतो तो पेलोड. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर लिहिलेला असतो. ब्रोशरमधला आकडा धरू नका.

असंच स्टिकर ट्रेलरवरही असतं. सामान किती भरता येईल ते त्यावर दिसतं. पाणीही त्या सामानातच मोजतात. एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, तेव्हा ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड तिथेच गेले. उरलेल्यात कपडे, भांडी, खुर्च्या, पुस्तकं आणि बिडाचा तवा बसवायचा. गाडी भरून झाली की ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा चढवा, मग काय काढायचं ते आपोआप ठरतं. सामानाबद्दल तुम्ही जे विचारलंत त्याचं खरं उत्तर त्या काट्याच्या पावतीवर आहे.

सांडपाण्याचं कुणी आधी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. दोन टाक्या असतात: संडासाची ब्लॅक आणि आंघोळ-भांड्यांची ग्रे. कॅम्पग्राउंडवर होज जोडला की नवे लोक ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, परस्पर जाईल म्हणून. जातं ते फक्त पाणी. मैला तळाशी साचून वाळतो, आणि तो ढीग फोडणं हे काय काम आहे ते मी इथे वर्णन करत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश तरी भरू द्यायची, फ्लश करताना पाण्याची काटकसर करायची नाही. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो. हातमोजे वेगळे, आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप त्या कप्प्यात कधीच ठेवायचा नाही.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपच्या जोडणीवर ३,६०० वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा गीझर एकदम लावलात की ब्रेकर पडलाच. ५० अँपवर १२,००० वॉट, तिथे चिंता नाही. बीएलएम या सरकारी जमीन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर फुकट राहायचा विचार असेल तर तिथे जोडणी नसते आणि एका ठिकाणी साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच राहता येतं. सोलर आणि लिथियम बॅटऱ्या आधी घेऊ नका. महिनाभर राहिल्यावर आपल्याला किती वीज लागते ते कळेल, मग घ्या. त्यांचंही वजन पुन्हा त्याच स्टिकरमधून वजा होतं.

गाडी घेण्याआधी दोन कागद नीट वाचा. वॉरंटीत कायम वास्तव्य चालतं का, हे पहिलं. बऱ्याच उत्पादकांच्या वॉरंटीतून फुल-टाइम वापर वगळलेला असतो. आणि इन्शुरन्स सुट्टीपुरत्या वापराचा नको, फुल-टायमरचाच हवा. घराच्या पॉलिसीत मिळणारं दायित्वाचं संरक्षण आणि घरातल्या वस्तूंचं कव्हर घराबरोबरच जातं, ते इथे वेगळं घ्यावं लागतं.

सामानाचं म्हणाल तर मोठं फर्निचर आधी काढा, फोटो स्कॅन करा, जन्मदाखले, नागरिकत्वाचे आणि गाड्यांचे मूळ कागद सोबत ठेवा. स्टोरेज युनिट घेतलंत तर वर्षाचंच घ्या.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी ट्रकच्या दारावरचा पेलोडचा आकडा इथे टाका. किती वजनाची फिफ्थ व्हील झेपेल, की साधा ट्रेलरच बरा, ते त्यावरून सांगता येईल.