केनियातलं मसाई मारा अभयारण्य पहिल्यांदाच? मग एवढं बघा

पहिली चूक सगळेच करतात: सहा दिवसांत चार पार्क. निम्मा वेळ गाडीतच जातो. माराला सलग तीन रात्री द्या, फार तर अंबोसेली हा एकच पार्क जोडा, बस्स.

वाइल्डबीस्टचं (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचं) स्थलांतर बघायचं असेल तर जुलै ते ऑक्टोबर. पण तुमच्यासमोर कळप मारा नदी ओलांडतीलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही. देणाऱ्यापासून लांबच राहा. जुलैपासून प्रवेश फीही दुप्पट, माणशी दिवसाला 200 डॉलर. सिंह, हत्ती तर बाराही महिने दिसतात.

निघण्याआधी:
- यलो फीव्हरची लस किमान 10 दिवस आधी. दाखला नसेल तर परत येताना भारतात क्वारंटाइन.
- नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान 15 किलोच, तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस तिथल्या डिकीत मावत नाही.
- प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात न्या.
- जाडसर जॅकेट. आफ्रिका म्हणून सुती कपडेच नेले, तर पहाटे सहाला उघड्या छताच्या जीपमध्ये दात वाजतात.

कॅमेऱ्याच्या लेन्सचं नंतर बघू. आधी 8 बाय 42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या, प्रत्येकाला वेगळी.