इंदूरच्या फॅमिली कोर्टाचा निकाल मान्य नसेल तर अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीची कस्टडी नवऱ्याकडे गेली, पोटगी पण फार कमी धरली, आणि आता अपीलासाठी हायकोर्टाचं मुख्य पीठ आहे त्या जबलपूरला खेटे घालावे लागतील का. नाही लागणार. आपल्या इंदूरलाच एमजी रोडवर हायकोर्टाचं खंडपीठ आहे, इथल्या फॅमिली कोर्टाचं अपील तिथंच लागतं आणि ते दोन जजांच्या बेंचसमोर चालतं.

मी वकील नाही, पण माझ्या आत्तेबहिणीच्या केसमधे प्रत्येक पेशीला तिच्यासोबत होते, म्हणून सांगते, आज बाकी सगळं सोडा आणि निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका. फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम 19 मधे अपीलाची मुदत 30 दिवस दिलीय. हिंदू विवाह कायद्यात 90 दिवस आहेत आणि कुठली मुदत धरायची यावर कोर्टांतच वाद झालेत, मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं 90 मानली, पण तुम्ही त्या भरवशावर अजिबात राहू नका, 30 च धरून चाला. नक्कल मिळाली की मागच्या बाजूचा शिक्का बघा, अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली अशा तारखा असतात. तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज टाकायच्या आधी घरी रडण्यात गेलेले दिवस वजा होत नाहीत हो. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, फक्त कारण पटण्यासारखं लागतं.

आता पोटगीचं. ती कुठल्या कलमाखाली दिलीय ते ऑर्डरमधे बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं (सीआरपीसी) 125 किंवा आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं 144 असेल तर त्यावर अपील नाही, रिव्हिजन (म्हणजे ऑर्डर बरोबर आहे का ते हायकोर्टाकडून तपासून घेणं) करावी लागते, आणि हिंदू विवाह कायद्याच्या 25 खाली कायमची पोटगी असेल तर अपील. म्हणजे एकाच भांडणातून निघालेल्या दोन ऑर्डरींचे रस्ते वेगळे असू शकतात, हे वकिलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. केस चालू असतानाच्या अंतरिम ऑर्डरवर कलम 19 चं अपील होत नाही, आणि दोघांच्या संमतीनं झालेल्या निकालावर पण नाही.

अजून एक, नुसतं अपील दाखल केलं म्हणून खालची ऑर्डर थांबत नाही, स्टे, म्हणजे स्थगिती, वेगळा मागावा लागतो. हे नवऱ्यालाही लागू आहे, तो वर गेला तरी स्टे नसेल तर ठरलेली पोटगी त्यानं द्यायलाच हवी, नाही दिली तर फॅमिली कोर्टातच वसुलीचा अर्ज लावा.

पैशांची अडचण असेल तर हायकोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, बायकांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, तो तुमचा हक्क आहे, मागताना संकोच नको.

आणि अपीलाचा निकाल लागायला वेळ लागतो, तोवर मुलीपासून तुटून राहू नका. अपीलासोबतच तिला भेटण्याचा, फोनवर बोलण्याचा, सुट्ट्यांत तुमच्याकडे राहण्याचा अंतरिम अर्ज जोडायला सांगा, त्यात वार आणि वेळ नीट लिहून मागा, म्हणजे नंतर हो-नाही करायला जागा राहत नाही.