कंत्राटींचं कलम पहिल्या पानावर

प्रिय साथी,
सप्रेम जिंदाबाद.

युनियनच्या कमिटीवर निवडून आलीस, मनापासून अभिनंदन. पगारवाढीचा करार तोंडावर आलाय आणि सगळी चर्चा रकमेवरच अडलीये, असं लिहिलंयस. रकमेसाठी जरूर भांड. पण तुझ्या शेजारच्या मशिनवर उभा असलेला कंत्राटी मुलगा युनियनचा सभासद नाही, ही गोष्ट मला पगारवाढीहून मोठी वाटते. काम तेच, शिफ्ट तीच. ठेकेदार बदलला की त्याला नवं नेमणूकपत्र मिळतं आणि नोकरीची वर्षं पुन्हा एकपासून सुरू. इकडे कायम कामगार निवृत्त होताहेत आणि त्या जागा ठेक्यानं भरल्या जाताहेत. अशानं पुढचे करार करायला उरणार कोण? 1982 च्या गिरणी संपातसुद्धा बदली कामगारांना, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तरच काम मिळणाऱ्यांना, कायम करा, ही मागणी होतीच. युनियनच्या घटनेत सभासद फक्त ‘कायम कामगार’ असेल, तर आधी ती घटना बदला.

डिलिव्हरीवाल्या पोरांचा मालकच सापडत नाही, त्यांची संघटना कशी बांधायची, असं तू विचारलंस. अगं, हमालाला तरी एक मालक कुठं होता? सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. तरी मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल उभा केला. 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याची रचना नीट समजून घे. व्यापारी हमाली आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीवर टक्केवारीनं द्यायची जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतो. मंडळ टोळीतल्या हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस भागतो. गाळे कितीही बदलले तरी हमालाचं खातं एकच राहतं. मंडळावर मालक, सरकार आणि कामगार तिघेही बसतात. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं ॲप कंपन्यांकडून उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणी घ्यायचं ठरवलं, ते बरंच झालं. पण एका ऑर्डरचा दर कोण ठरवणार, यावर तिच्यात काही नाही. माझ्या मते पुढची मोठी लढाई त्या दराचीच आहे.

तुमच्या कारखान्यात सुरुवात पगारपावतीपासून कर. कंत्राटी पोरांच्या पावत्या मागून घे, पीएफची कपात बघ आणि ती खात्यात जमा झालीय का, ते त्यांच्याच मोबाईलवर पासबुक उघडून पडताळ. एकाचे अडकलेले पैसे सुटले की दहाजण आपणहून येतात. असेंब्लीवरच्या बायकांना गेटसभेला थांबता येत नाही, शिफ्ट सुटली की कंपनीची बस निघते. त्यांची बैठक वस्तीत घे, रविवारी. हा रविवारही नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून 1890 मध्ये मिळवलेला आहे, हे त्यांना जरूर सांग.

मागण्यांचा मसुदा पाठव. कंत्राटींचं कलम शेवटच्या पानावर ‘इतर’मध्ये ढकललं असेल, तर ते आधी वर आण, मग पाठव. बाकी भाषा आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका