मुलाचा ऱ्हुमॅटिक फिव्हर बरा झालाय, सांधेही दुखत नाहीत. दर २१ दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद केलं तर चालेल का?

नाही, स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. हे इंजेक्शन झालेल्या आजारावर नसून पुढचा झटका रोखण्यासाठी आहे. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा बिघडतो, त्या जंतूशी लढणारी प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ण बरे होतात, अ‍ॅस्पिरिनने तर दोन-तीन दिवसांत आराम पडतो. झडपांचं मात्र तसं नाही. प्रत्येक नव्या झटक्यात त्या आणखी खराब होऊ शकतात, आणि एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. या इंजेक्शनातल्या बेंझाथिन पेनिसिलिनचं (हळूहळू सुटणाऱ्या पेनिसिलिनचं) रक्तातलं प्रमाण तीन आठवड्यांनंतर उतरत जातं, म्हणून २१ दिवस. तारीख चुकलीच तर पुढच्या खेपेची वाट न पाहता लगेच घ्या.

किती वर्षं, हे हृदयावर अवलंबून आहे. साधारणपणे:

- हृदयाला इजा नसेल तर शेवटच्या झटक्यापासून ५ वर्षं किंवा वयाच्या १८ पर्यंत, यातलं जे उशिरा येईल ते
- हृदयाला सूज येऊन बरी झाली असेल किंवा झडपेतला दोष सौम्य असेल तर १० वर्षं किंवा २५ वयापर्यंत, इथेही उशिराचं धरायचं
- झडप जास्त खराब असेल किंवा तिचं ऑपरेशन झालं असेल तर बहुधा आयुष्यभर

मात्र पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर हे इंजेक्शन नकोच. डॉक्टर त्याऐवजी एरिथ्रोमायसिनसारख्या गोळ्या देतात. थांबवायचं की नाही, हे इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) पाहून हृदयरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.