बाळाचा एक गाल जन्मापासून मोठा आहे. ऑपरेशन लगेच करून टाकावं का?

दीड वर्षाच्या मुलीचा उजवा गाल जन्मापासून मोठा आणि दातही त्याच बाजूचे आधी आले, असं तुम्ही लिहिलंय. ही दातांची गोष्ट प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगा. नुसत्या गाठीने सहसा दात लवकर येत नाहीत. चरबी, हाड, जीभ असं एका बाजूचं सगळंच जास्त वाढत असेल तर येतात. माझा डावा गाल तसाच आहे. त्या बाजूची कायमची दाढ मला चौथ्या वर्षीच आली होती.

गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, असं सासूबाई म्हणतात ना, ते मनातून काढून टाका. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून बनलेला भाग तेवढा वाढत राहतो. बऱ्याच जणांत हे जनुक पीआयके३सीए असतं. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. माझ्या आईने वर्षानुवर्षं स्वतःला बोल लावला, तुम्ही कृपा करून लावू नका. आणखी एक, हा बदल रक्तात बहुधा सापडतच नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी विषय संपत नाही, गालातला तुकडा तपासावा लागतो.

ऑपरेशनची घाई नको. आधी एमआरआय होऊ द्या, कारण रक्तवाहिन्यांच्या गाठीही अशाच दिसतात. अशा एका बाजूच्या वाढीतली चरबी वेगळ्या गोळ्यासारखी नसते, कापडात तेल मुरावं तशी स्नायूंत मुरलेली असते आणि त्यातूनच चेहरा हलवणारी नस (मज्जातंतू) जाते. सगळी काढायला गेलं तर तोंड वाकडं होण्याची भीती, ठेवली तर वाढत्या वयात गाल पुन्हा भरतो. माझं पाचव्या वर्षी केलं. दहावीपर्यंत गाल होता तेवढाच झाला. वाढ थांबल्यावर केलेलं मात्र टिकलंय. अर्थात श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थांबू नका.

अल्पेलिसिब नावाच्या गोळीला २०२२ मध्ये अमेरिकेत पीआयके३सीए जनुकातल्या बदलामुळे अशी वाढ होणाऱ्या गंभीर रुग्णांसाठी, २ वर्षांवरच्या मुलांनाही, मान्यता मिळाली. तिने साखर वाढू शकते, म्हणून तज्ज्ञांशिवाय विचारही नको.

हात किंवा पायही एका बाजूचा मोठा वाटतो का, नीट बघा. तसं असेल तर जनुकतज्ज्ञांना दाखवा आणि पोटाच्या सोनोग्राफीचं विचारा. अशा काही मुलांना मूत्रपिंडात किंवा यकृतात गाठ होऊ शकते, म्हणून लहानपणी दर ३ महिन्यांनी सोनोग्राफी करतात.

आणि मुलांच्या दातांचे डॉक्टर आत्ताच गाठा. कायमची दाढ लवकर आली तर ती लहान वयातच किडू शकते, माझी तशीच गेली.