चौथीच्या पुस्तकातलं एक गणित

तुम्ही विचारलंय, "परकीय हस्तक्षेपांमुळे आजचा दहशतवाद वाढला असं म्हणतात, ते कितपत खरं? की दहशतवाद्यांची बाजू सावरायला काढलेली ही पळवाट आहे?"

मी शाळेत गणित शिकवते, इतिहास नाही. तरी लिहायला बसले, कारण या विषयाकडे मी वळले तीच एका गणितामुळे. ते असं: कलाश्निकोव्हच्या गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे. एक रशियन मुजाहिदापासून ३२०० मीटरवर उभा आहे. मुजाहिदाने त्याच्या डोक्यावर नेम धरून गोळी झाडली, तर ती त्याच्या कपाळात किती सेकंदांनी लागेल?

३२०० भागिले ८००. चार सेकंद.

हे उदाहरण अफगाण मुलांच्या चौथीच्या पुस्तकात होतं. मुजाहिद म्हणजे अफगाणिस्तानात रशियन सैन्याविरुद्ध धर्माच्या नावाने लढणारा बंडखोर. असली पुस्तकं दारी आणि पश्तू भाषांत निघाली. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा इथल्या केंद्राने ती तयार करवून घेतली आणि पैसा अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेचा होता. १९८४ ते १९९४ या काळात त्या शिक्षण प्रकल्पावर ५ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले. आपल्याकडे 'ग' गणपतीचा असतो, तसा त्या बाराखडीत 'ज' जिहादचा होता. मी वर्गात ४८ पेढे ६ मुलांत वाटायला सांगते, तेव्हा भागाकार कितीजणांना जमला हे नंतर कळतं, पण पेढे सगळ्यांच्या डोक्यात आधी शिरलेले असतात. शाब्दिक उदाहरणातली वस्तू मुलाच्या मनात घर करते, हे कुठलाही शिक्षक सांगेल.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: खरं आहे, पण लोक सांगतात तसं नाही.

"लादेनला अमेरिकेनेच तयार केलं" हे वाक्य तुम्हीही मोबाइलवर वाचलं असेल. अमेरिकेने त्याला थेट पैसे किंवा प्रशिक्षण दिल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तो स्वतःचा आणि आखातातल्या देणगीदारांचा पैसा घेऊन आला होता. "अन्याय झाला म्हणून त्यांनी सूड घेतला" हेही पुरतं पटत नाही. ११ सप्टेंबर २००१च्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी होते, अफगाण एकही नव्हता. व्हिएतनामवर अमेरिकेने कितीतरी वर्षं बॉम्ब टाकले, पण व्हिएतनामी माणसांनी न्यूयॉर्कवर विमानं घातली नाहीत. नुसत्या रागातून दहशतवाद उभा राहत नाही. त्याला पैसा, शस्त्रं, छावण्या, सीमेपलीकडचा आसरा आणि कोणीतरी घडवलेली पोरं लागतात. बाहेरचा देश जेव्हा दुसऱ्याच्या घरात शिरतो, तेव्हा तिथल्या शंभर माणसांतून बंदूक कोणाच्या हाती द्यायची हे तो ठरवतो. माझ्या मते सगळा घात या निवडीत आहे.

अफगाणिस्तानात ही निवड रशियन सैन्य यायच्याही आधी सुरू झाली. पाकिस्तानला पश्तूनिस्तानच्या, म्हणजे पश्तून लोकांच्या वेगळ्या प्रदेशाच्या, मागणीची धास्ती होती, कारण ड्युरंड रेषा ही दोन देशांमधली सीमा अफगाण राज्यकर्त्यांनी कधी मनापासून मानली नाही. म्हणून भुट्टोंच्या सरकारने काबूलमधून पळून आलेल्या गुलबुद्दीन हेकमतयारसारख्या कट्टर इस्लामी तरुणांना हाताशी धरलं. त्यांनी १९७५ मध्ये केलेला उठाव फसला, पण माणसं हाताशी राहिली. पुढे काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. ३ जुलै १९७९ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना गुप्त मदत देण्याच्या आदेशावर सही केली. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि २७ डिसेंबरला सोव्हिएत कमांडोंनी अफगाण राष्ट्राध्यक्ष अमीनला त्याच्याच राजवाड्यात मारलं. नऊ वर्षांच्या त्या युद्धात गावंच्या गावं ओस पडली आणि पन्नास लाखांहून जास्त माणसं पाकिस्तान आणि इराणमध्ये निर्वासित झाली. अमेरिकेचं पाप मोजताना रशियाचं हे पाप विसरणारे बरेच भेटतात. मला ते मान्य नाही.

अमेरिका एक डॉलर देई तेव्हा सौदी अरेबियाही एक डॉलर घाली. शस्त्रांचा माल कराची बंदरात उतरला की आयएसआय या पाकिस्तानी गुप्तहेर संघटनेच्या ताब्यात जाई, आणि पुढची वाटणी तीच करी. झिया-उल-हक यांच्या राजवटीने पेशावरमधल्या सात पक्षांनाच मान्यता दिली, सातही धर्माच्या नावावर चालणारे. राजाला मानणारे, राष्ट्रवादी, डावे पण रशियाविरोधी अशा लोकांना त्यात जागाच नव्हती. बऱ्याच निर्वासितांना तर छावणीत शिधा मिळवायचा तरी यांपैकी एका पक्षाचं कार्ड घ्यावं लागे. सगळ्यात मोठा वाटा मिळाला सगळ्यात कडव्याला, हेकमतयारला. अमेरिकेने ते चालवून घेतलं, कारण तिला एकच हिशेब दिसत होता: रशियन किती मेले.

इथे एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. सय्यद बहाउद्दीन मजरूह हे कवी, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. काबूल सोडून ते पेशावरला आले आणि अफगाण माहिती केंद्र चालवू लागले. १९८७ मध्ये त्यांनी निर्वासितांमध्ये पाहणी केली की देशाचं नेतृत्व कोणी करावं. बहुसंख्य लोकांनी निर्वासित राजा झाहीर शाह यांचं नाव घेतलं. सात पक्षांच्या पुढाऱ्यांना कोणी फारसं विचारलंही नाही. पाहणी छापली गेली आणि ११ फेब्रुवारी १९८८ला मजरूह यांना पेशावरमधल्या त्यांच्या घरी गोळ्या घालून मारलं. म्हणजे दुसरे अफगाण होते, आणि मोठ्या संख्येने होते. ते कोणाला नको होते, म्हणून आज आपल्याला माहीत नाहीत.

१५ फेब्रुवारी १९८९ला शेवटची सोव्हिएत तुकडी अमू दर्यावरचा पूल ओलांडून परत गेली. त्यानंतर अमेरिकेचं लक्ष उडालं. छावण्या मात्र जागेवर होत्या, शस्त्रं होती, आणि लढण्याखेरीज काही न शिकलेली तरुण मुलं होती. १९९२ नंतर हेकमतयारने ज्या काबूलवर रॉकेटांचा मारा केला, तिथे तेव्हा एकही रशियन सैनिक नव्हता.

आपल्यापर्यंत हे कसं पोचलं ते पाहा. लष्कर-ए-तैयबाचा जन्म याच युद्धाच्या वातावरणातला, आणि तिच्या सुरुवातीच्या छावण्या अफगाणिस्तानातल्या कुनार प्रांतात होत्या. हरकत-उल-मुजाहिदीनची मुळंही तिथलीच. त्याच संघटनेच्या मसूद अझहरला सोडवण्यासाठी डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं. जलालुद्दीन हक्कानी या सेनापतीला तर सीआयए थेट पैसे देत होती. ७ जुलै २००८ला काबूलमधल्या आपल्या दूतावासावर गाडीबॉम्ब आदळला, तो त्याच्याच हक्कानी जाळ्याचा. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला लष्करचे दहाजण मुंबईत उतरले. सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षालयात माणसं बोचकी उशाला घेऊन गाडीची वाट बघत होती. मी त्या हॉलमधून गेले की आजही माझी पावलं मंदावतात. ज्यांनी तिथे गोळ्या झाडल्या आणि ज्यांनी त्यांना धाडलं, त्या दोघांचा गुन्हा मी एका रतीनेही कमी करणार नाही. दहशतवाद कुठून आला हे शोधणं म्हणजे त्याची वकिली नव्हे, ही तुमच्या "पळवाट" शब्दाला माझी हरकत.

इराकची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण चूक तीच आहे. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने इराकी सैन्य एका आदेशाने बरखास्त केलं. शस्त्र चालवता येणारे लाखो पुरुष एका दिवसात बेकार आणि अपमानित झाले. पुढे आयसिसच्या वरच्या फळीत सद्दामच्या सैन्यातले अधिकारी दिसतात, ते इथून.

आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर गटांना भारताने आपल्या भूमीवर प्रशिक्षण दिलं, त्यात एलटीटीई होती. १९८७ मध्ये शांतिसेना पाठवली तेव्हा त्याच एलटीटीईशी लढताना आपले हजाराहून जास्त जवान गेले. २१ मे १९९१ला श्रीपेरंबुदूरमध्ये एलटीटीईने माजी पंतप्रधान राजीव गांधींची हत्या केली. ज्याला शिकवलं तो कोणावर उलटेल हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे आपण आपल्याच पंतप्रधानांच्या कुटुंबात पाहिलंय.

आता पुन्हा त्या पुस्तकाकडे येते. १९८६ मध्ये चौथीत बसून तो भागाकार करणारा मुलगा दहा वर्षांचा धरा. कंदाहारमध्ये १९९४ मध्ये तालिबान उभे राहिले तेव्हा तो अठराचा होता. तालिबानच्या राजवटीतही शाळांमध्ये ही पुस्तकं चालूच राहिली. माणसांची चित्रं त्यांना चालत नव्हती, म्हणून चित्रांतले चेहरे तेवढे खोडले.