वाइनची वही

"मॅडम, वाइन म्हणजे दारूच ना?" मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच माझ्याकडे. कधी बायको विचारते, कधी आई, मागे एकदा तर बारावीतल्या मुलीने बाबांबद्दल विचारलेला. म्हटलं आता एक केस लिहूनच टाकावी. त्या नवरा-बायको दोघांनाही विचारलंय, ओळख पटेल असं बरंच काही बदललंय, तेव्हा कोण असेल कोण असेल करत बसू नका.

तर हे साहेब पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचे सीओओ, म्हणजे रोजचा कारभार बघणारे. वय 46. डॉक्टर नाहीत, एमएचए (हॉस्पिटल चालवण्याची पदवी) करून खालपासून वर चढलेले. मूळचे निफाडकडचे, वडलांची द्राक्षबाग, आई माळकरी. बायको शाळेत शिक्षिका. अपॉइंटमेंट बायकोनेच घेतलेली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने सगळं सांगून टाकलं की हे म्हणतात छंद आहे, कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे, पण मला रोज रात्री सिंकमधे ग्लास दिसतो आणि मी काही बोलले की हे मलाच फ्रान्समधल्या लोकांची हृदयं समजावतात. आणि मग हळूच, "म्हणजे आता मुक्तांगणलाच न्यायचं का, व्यसनमुक्तीला?" साहेब हसले पण कान लाल झाले होते.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. हो, दारूच. जानेवारी 2022 मधे सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय झाला तेव्हा यावर केवढा धुरळा उडालेला आठवत असेल, शेतकऱ्याच्या द्राक्षांचं काय, संस्कृतीचं काय. तो वाद आपल्या जागी. लिव्हरला त्यातलं काही कळत नाही, त्याला अल्कोहोल तेवढं कळतं. आणि ते फ्रेंच हृदयांचं प्रकरण, म्हणजे तिथले लोक वाइन पितात म्हणून त्यांना हृदयविकार कमी असं जे म्हणतात ते, 1991-92 च्या सुमारास गाजलेलं, पुढे त्यात बऱ्याच फटी निघाल्या, म्हणजे बघा, अजिबात न पिणाऱ्यांच्या गटात तब्येत बिघडली म्हणून सोडलेले लोकही धरलेले असायचे, मग थोडी पिणारे साहजिकच ठणठणीत दिसणार. जानेवारी 2023 मधे डब्ल्यूएचओने सरळ सांगितलं की तब्येतीला सुरक्षित असं अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण नाही. कॅन्सर होण्याच्या कारणांत तर ते 1988 पासून आहे. साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही हं, कॅन्सरच्या माहितीचं जे पोस्टर त्यांच्या ओपीडीत लागलंय त्यावर अल्कोहोलचा मुद्दा आहे आणि ते मंजूर केलंय यांच्याच सहीने.

पण एवढं सांगून मी त्यांना घरी पाठवलं असतं तर ते परत आलेच नसते. आणि खरं सांगू का, त्यांचा छंद खोटा नव्हता.

दुसऱ्या वेळी मी त्यांना एकट्यालाच बोलावलं आणि विचारलं हे सुरू कसं झालं. सहा वर्षांपूर्वी नाशिकला मित्रांबरोबर गेले होते, गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत टेस्टिंग होतं. तिथल्या पोराने सोविन्यॉं ब्लांक नावाच्या पांढऱ्या वाइनचा ग्लास हातात दिला आणि म्हणाला पिऊ नका सर, आधी वास घ्या. यांना त्यात ढोबळी मिरची आली, मग कच्चा पेरू. म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर द्राक्षात वाढलो, आमच्या खायच्या थॉम्सन द्राक्षांना असा वास कधी आला नाही." वडील रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून शुगर बघायचे, 18 च्या आसपास आली की व्यापाऱ्याला फोन. वाइनच्या द्राक्षाला 22-24 पर्यंत थांबतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी आणि आपल्याकडे जानेवारी ते मार्च, हे सगळं ते इतकं रंगून सांगत होते की माझी पाऊण तासाची सेशन सव्वा तासावर गेली (पुढच्या बाईंना मी चहा पाजला). पुढे त्यांनी वाइनचा रीतसर कोर्स केला, लेव्हल टू पर्यंत.

आणि कामाबद्दल विचारलं तर माणूस एकदम आटला. डिस्चार्ज सकाळी दहाला लिहून होतो, टीपीएचं, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीचं, फायनल अप्रूव्हल येतं संध्याकाळी पाचला, तोवर नातेवाईक बिलिंग काउंटरवर ओरडतात. नर्सेस सोडून चालल्यात, सर्जनला ऑपरेशन थिएटरचा स्लॉट पाहिजे, एनएबीएचचं (हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणारी संस्था) इन्स्पेक्शन तोंडावर, कुणीतरी नगरसेवकाचं नाव सांगून बिल कमी करायला येतो. म्हणाले डॉक्टरला निदान पेशंट बरा झालेला दिसतो, मला काय दिसतं तर कोण कुणावर चिडलंय ते. रात्री अकरालाही फोन. "त्या ग्लासच्या वेळात तरी मी कुणाचा साहेब नसतो."

मी म्हटलं, सर, तुमच्या नोंदींची वही असेल ना, ती आणा पुढच्या वेळी.

वही आणली. शाळेची असते तशी दोनशे पानी, कव्हर घातलेली. तारीख, द्राक्ष, वर्ष, रंग, वास, चव आणि शेवटी एक ओळ आपल्या मनाची. अक्षर सुरेख. एक नोंद मी त्यांच्या परवानगीने उतरवून घेतली: "शिराझ. जांभळट. आधी काळी मिरी, मग जांभूळ, मग पावसाआधीचं मामाचं कौलारू घर." हे वाचून मला वाटलं की या माणसाचा छंद काढून घेणं म्हणजे पापच होईल.

मग मागच्या महिन्याची पानं मोजली. नोंदी सहा. विचारलं बाटल्या किती आणल्या, ते फोनमधलं बिल बघून म्हणाले तेरा. दोन पाहुण्यांना उघडल्या. उरल्या पाच. "त्या कशा होत्या हो वासाला?" बराच वेळ एसीचाच आवाज येत होता खोलीत. शेवटी म्हणाले, "आठवत नाही." आणि मग आपणहूनच सांगितलं की त्या सहांचंसुद्धा असं, की शनिवारी बाटली उघडली की टेस्टिंग होतं, उरलेली सोमवारी मंगळवारी हॉस्पिटलमधून आल्यावर शर्टही न बदलता उभ्या उभ्याच.

तुमच्या घरात हा वाद चालू असेल तर मला एवढंच विचारायचंय, कुठले ग्लास आठवतात आणि कुठले नाही. वाइन म्हणजे दारू का यावर भांडण घालून काही हाती लागत नाही.

मोजायलाही लावलं मी. घरी जो त्यांचा "एक ग्लास" होता तो मापाने भरून बघितला तर 220 एमएल. 13 टक्क्याच्या वाइनचे एवढे म्हणजे साडेबावीस ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या दोन स्मॉल पेगपेक्षा जरा जास्तच. असे दोन ग्लास घेतले की चार पेगच्या वर गेलं, पण कुणी रोज चार पेग म्हटलं तर सगळे दचकतात आणि दोन ग्लास वाइन म्हटलं की वा वा. डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी असते, 40 पैकी मार्क, 8 किंवा त्याहून जास्त आले की लक्ष घालायचं. त्यांनी पहिल्यांदा स्वतः भरली तेव्हा 4 आले. मोजमाप झाल्यावर आणि घरच्या कुणी काळजी व्यक्त केलीय का या प्रश्नाला खरं उत्तर दिल्यावर 11. (बायको धरायची का, असं विचारलं होतं त्यांनी मला. मी नुसती बघत राहिले.)

एक गोष्ट मी आधीच तपासली होती आणि ती तुम्हीही विसरू नका. आई निफाडहून पंधरा दिवस राहायला येतात तेव्हा घरात एक थेंब नसतो, तेव्हा काय होतं? चिडचिड होते, झोप लागायला वेळ लागतो, बस. सकाळी हात थरथरणं, घाम, उलट्या असलं काही नाही. ते असतं तर मी समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

बाकी आम्ही काय केलं तर फार काही नाही. नियम एकच, वही नाही तर बाटली नाही. नोंद करायला बसायचं तर कपडे बदलून, जेवणाआधी, टेबलावर, आणि तोंडात घेतलेलं थुंकायचं, कोर्समधे सगळे थुंकतातच. यावर बायको म्हणाली, "म्हणजे आजोबांनंतर आता पुन्हा घरात पिकदाणी येणार!" आली पण, पितळेची, जुन्या बाजारातून. तिलाही मी ग्लास मोजत बसायचं बंद करायला सांगितलं, मास्तरीण शाळेत पुरे. ती पीत नाही, पण आता शनिवारी वास घेते, आणि गंमत म्हणजे नाक तिचंच जास्त तयार आहे. एका शेनिन ब्लांकला हे अननस अननस करत बसले होते, ती म्हणाली मुरांब्याची बरणी उघडल्यासारखं येतंय, आणि त्यांनी वहीत तेच लिहिलं.

खरी मारामारी झाली ती फोनवरून. हॉस्पिटलमधे रात्रीचा ड्यूटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता हो, पगार घेणारा, तरी चार वर्षं सगळे फोन यांनाच, कारण यांनीच कधी नाही म्हटलं नव्हतं. आपल्याशिवाय चालत नाही याचीही एक नशा असते. तीन आठवडे त्यावरच गेले. शेवटी दहानंतरचे फोन आधी त्याला, आणि यांना फक्त ठरवलेल्या चार कारणांसाठी. पहिल्या रात्री फोन आला नाही म्हणून हे झोपलेच नाहीत! नंतर हळूहळू झोप सुधारली, आधी कसं, वाइनने पटकन डोळा लागायचा आणि दोन-अडीचला टक्क जाग, अल्कोहोलने रात्रीचा दुसरा अर्धा असा तुटतोच.

सगळं सरळ झालं असं नाही. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी आयसीयूबाहेर नातेवाइकांनी काच फोडली, एका नर्सला लागलं, पोलीस, जबाब, घरी यायला साडेअकरा. पुढच्या सेशनला येताना वही घेऊन आले आणि न बोलता ते पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. द्राक्षाचं नाव नव्हतं, वर्ष नव्हतं. नेहमीच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "लाल. दोन ग्लास, मोजून 300. वास घेतला नाही. सिस्टरला सहा टाके."